गुळावाचून पाणी

फार वर्षांमागची गोष्ट आहे. तेव्हा राज्य कुणाचं होतं ते आता कुणाला सांगता येत नाही. पण त्या गावची एक रीत लोकांच्या ध्यानात राहिली, म्हणून ही गोष्टही राहिली.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावात घर विकायचं झालं, तर नुसतं घर दाखवून भागत नसे. घेणाऱ्याने आधी घर बघायचं आणि मग शेजारी जाऊन पाणी प्यायचं. शेजारणीने पाण्याबरोबर गुळाचा खडा दिला, तर समजायचं की घर चांगलं आहे, खुशाल घ्यावं. तिने नुसतंच पाणी दिलं, तर तांब्या खाली ठेवायचा, रामराम करायचा आणि आल्या वाटेने निघायचं. कुणी कुणाची निंदा करायची नाही, कुणी काही विचारायचं नाही. ही रीत घालणारा माणूस शहाणा असणार. शेजाऱ्याबद्दल तोंडाने वाईट बोलणं किती जड जातं, हे त्याला ठाऊक असावं.

त्या गावात एक बाई गोधड्या शिवून राहायची. नवरा वारलेला, लेक लांबच्या गावी नांदणारी. तिच्या भिंतीला भिंत लावून कोठावळ्याचं घर होतं. कोठावळा म्हणजे राजाच्या धान्यकोठारावरचा माणूस. त्याची चाकरी आता संपली होती. घर विकून त्याला राजधानीत मुलाकडे जायचं होतं.

गोधडीवालीचं आणि त्याचं पटत नसे. विहिरीची वाट त्याच्या परसातून जायची, आणि ती तशी पिढ्यान्‌पिढ्या जात होती. 'माझं परस मळतं' म्हणून त्याने एके दिवशी वाटेवर बाभळीचे काटे आणून टाकले. तेव्हापासून गोधडीवाली नदीवरून पाणी आणायची. नदीचा चढ मोठा, आणि तिचे गुडघे दुखरे. चढावर दर वेळी थांबली की ती कोठावळ्याला एक शिवी द्यायची, मग पुढचं पाऊल टाकायची.

त्यामुळे तो घर विकणार हे कळल्यावर गावात सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला.

कोठावळ्याने घर सजवायला घेतलं. भिंतींना चुना दिला. चुन्यात थोडी नीळ घातली, म्हणजे घर लांबून चमकेल. दाराला आंब्याची पानं बांधली. शेजारच्या आळीतून गाय-वासरू मागून आणून अंगणात बांधलं. बघणाऱ्यांना वाटावं, घरात दूधदुभतं आहे. काटे दिसायला वाईट, म्हणून तेही काढून टाकले. इतकं करूनही त्याचं मन भरेना. देवळात एक म्हातारा बसून असायचा, त्याला तो घेऊन आला.

"तुम्ही ओसरीवर बसायचं," कोठावळा त्याला म्हणाला. "घरात म्हातारं माणूस दिसलं, की घर सुखाचं वाटतं. कुणी आलं की हसायचं."

"जेवायला काय?"

"वरणभात. पण खोकायचं नाही."

"वरणात तूप घातलंस तर नाही खोकणार," म्हातारा म्हणाला आणि ओसरीवर बसला.

हे सगळं गोधडीवाली भिंतीपलीकडून ऐकत होती. तिला हसू येत होतं. सजव बाबा, सजव, ती मनात म्हणत होती. सोन्याचं कर आणि एकदाचा जा.

मग एका दुपारी तिने दोन मजुरांना त्याच्या मागच्या दाराने पाट्या वाहताना पाहिलं. पाट्यांत काहीतरी काळं होतं. ते लोक ते उकिरड्यावर नेऊन ओतत होते. तिच्या कोंबड्या धावत गेल्या. जवळ गेल्या, थांबल्या आणि चोचही न लावता परत फिरल्या.

"काय रे टाकताय?" तिने विचारलं.

"मालकांचं पेव उपसतोय, मावशी," एक मजूर म्हणाला. "धान्य पुरायचा खड्डा. माजघराच्या बरोबर खाली आहे. माणूस उभा बुडेल एवढा खोल. सगळं कुजून गेलंय. पाणी मुरलं असणार."

"मग आता भरणार असाल तो मातीने?"

"कुठलं भरतोय. मालक म्हणतात, वेळ नाही. तोंडावर फळ्या टाका, वर माती पसरा, सारवून घ्या. उद्या बघायला माणसं यायचीत."

गोधडीवाली उकिरड्याजवळ गेली. तिने त्यातलं मूठभर उचललं. काळ्या ढेकळात अजून दाणे ओळखू येत होते. ज्वारी होती.

तिथेच ती खाली बसली.

दुष्काळाच्या साली तिचा नवरा तापाने पडला होता. घरात काही नव्हतं. ती वाटी घेऊन शेजारी गेली होती. कोठावळा तेव्हा माजघरात उभा होता. त्याने तिच्या हातात केरसुणी दिली होती आणि म्हणाला होता, "वहिनी, घर झाडून बघा. एक दाणा सापडला तरी तो तुमचा." आणि तिने खरंच झाडलं होतं. कोपरा न्‌ कोपरा झाडला होता. धूळ निघाली, दाणा निघाला नाही. मग "भावजी, तुमचीही तीच गत, तुम्ही तरी काय करणार," असं म्हणून ती परत आली होती. नवरा त्याच आठवड्यात गेला.

पायाखाली पेव भरलेलं होतं, आणि ती त्यावर उभी राहून झाडत होती.

धान्य दिलं नाही याचा राग होताच. पण आपण त्याची कीव केली, त्याचं घर झाडून दिलं आणि त्याला चांगला म्हणून परत आलो, याचा राग त्याहून मोठा होता. तो तिच्या टाळूपर्यंत चढला. तिने हातातलं ढेकूळ एवढं आवळलं, की नखं तळहातात रुतली.

संध्याकाळी कोठावळा तिच्या दारात आला. हातात गुळाची ढेप होती.

"वहिनी, उद्या पाहुणे येतील," तो म्हणाला. "तुमच्याकडचा गूळ संपला असेल, म्हणून आणला."

"माझ्याकडचं काय काय संपलं, हे तुम्हाला आज आठवलं होय?"

"जुनं कशाला काढता? काटे काढलेत, बघा. नव्या माणसाला सांगून जाईन, वाट मोकळी ठेव म्हणून. तुमचे गुडघे सुटतील."

"आणि पेव?"

"कुठलं पेव?"

"उकिरड्यावर आलंय ते."

कोठावळ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खड्डा आहे नुसता. वर चांगल्या फळ्या टाकल्यात. घेणारा घेईल, पुढेमागे भरून काढील. वहिनी, तुमचा माझ्यावर राग आहे ना? मग मला घालवा. मी इथे राहिलो तर रोज माझंच तोंड बघाल. एक खडा ठेवायचाय ताटलीत. खोटं बोलायला तर सांगत नाही."

ढेप ओसरीवर ठेवून तो गेला.

आणि त्याचं म्हणणं खरं होतं. हेच तिला सहन होईना. तो नको असेल, तर त्याला गूळ द्यायला हवा होता. गूळ नाही दिला, तर तो मरेपर्यंत भिंतीपलीकडे खोकणार, शिंकणार, काटे टाकणार. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापासून सुटका होत होती, आणि सुटकेची किल्ली त्यानेच तिच्या हातात दिली होती. भाकरी थापताना तिने परातीवर असा हात मारला, की पीठ भिंतीपर्यंत उडालं.

दुसऱ्या दिवशी घर बघायला एक विणकर आला. बरोबर त्याची बायको होती. पोरगी पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, चालताना कमरेवर हात. कोठावळ्याने चुलीवर तुपात जिरं-हिंगाची फोडणी टाकून ठेवली होती. तो वास अख्ख्या आळीत पसरला. म्हातारा ओसरीवर हसत बसला होता.

गोधडीवाली भिंतीला कान लावून उभी होती.

"केवढं उजेडाचं घर आहे," पोरगी म्हणत होती. "अहो, इथे माग बसेल तुमचा. आणि पाळणा कुठे टांगायचा?"

"इथेच की," कोठावळ्याचा आवाज आला. "माजघरात, या मधल्या तुळईला. आमचाही इथेच होता. तू खाली बसून झोका द्यायचा. जमीन कशी थंडगार आहे बघ."

गोधडीवालीने भिंतीवरून कान काढला.

थोड्या वेळाने दोघं रीतीप्रमाणे तिच्या ओसरीवर आली. कोठावळा अंगणाबाहेर उभा राहिला. विकणाऱ्याने आत यायचं नाही, अशी रीत होती. पोरगी भिंतीला टेकून बसली. तिचे पाय सुजलेले होते. पडलेली अर्धवट गोधडी तिने हाताने चाचपून पाहिली.

"मावशी, ही तुम्ही शिवता? माझी आजी शिवायची. तिचे टाके असे सरळ नसायचे, सापासारखे जायचे. आम्ही तिला चिडवायचो."

"माझेही पहिल्यांदा तसेच जायचे," गोधडीवाली म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

तांब्या भरला. ढेपेचा खडा फोडला आणि ताटलीत ठेवला. ताटली उचलून ती उंबऱ्यापर्यंत आलीही. तिथून तिला पोरीची पाठ दिसत होती. घामाने चोळी अंगाला चिकटली होती. आणि अंगणाबाहेर कोठावळा दिसत होता. तो तिच्याकडेच पाहत होता, आणि त्याच्या तोंडावर तेच भाव होते, केरसुणी देतानाचे. हिला काय, जे हातात देऊ ते हलवील.

ती परत आत गेली. खडा ताटलीतून काढून तिने फळीवर ठेवला आणि नुसता तांब्या घेऊन बाहेर आली.

विणकराने तांब्याकडे पाहिलं, मग तिच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. तो हात मोकळा होता. त्याचा चेहरा उतरला.

अंगणाबाहेरून कोठावळा हसला. "सांगितलं नव्हतं मी? ही बाई माझ्यावर जळते. आख्ख्या गावाला विचारा. ही आजवर माझ्याबद्दल बरं बोललीय का कधी? हिच्या रागापायी तुम्ही असं घर सोडू नका."

रीतीप्रमाणे विणकराने उठून जायचं. पण घर त्याच्या मनात भरलं होतं, आणि बायकोचे दिवस भरत आले होते. त्याने विचारू नये ते विचारलं.

"मावशी, तुमचं यांचं भांडण आहे, की घर वाईट आहे?"

"दोन्ही," गोधडीवाली म्हणाली. "भांडणही आहे आणि घरही वाईट आहे."

"मग तुमचं कसं मानायचं? रागावलेलं माणूस काहीही सांगतं."

विणकर खोटं बोलत नव्हता. रागावलेल्या माणसाचं खरंही कुणाला खरं वाटत नाही, हे तिला तेव्हा कळलं. पेवाचं सांगितलं तर तो म्हणणार, बाई रचून सांगते. मग तिने कोपऱ्यातलं मुसळ उचललं.

"चला," ती म्हणाली. "माझं नका मानू. यांचंच माना."

पुढे मुसळ घेऊन ती, मागे विणकर आणि पोरगी, आणि सगळ्यात मागे कोठावळा, असे सगळे त्या पांढऱ्याशुभ्र घरात शिरले. माजघराच्या मध्यावर सतरंजी अंथरलेली होती. पोरगी जाऊन तिच्यावर उभी राहिली. गोधडीवाली दारातच थांबली आणि तिने मुसळ कोठावळ्यापुढे धरलं.

"भावजी, नव्या माणसांचं पाऊल घरात पडतंय. मुहूर्ताचं हळकुंड कांडायला हवं. ही अवघडलेली आहे, हिने कांडायचं नाही. तुम्ही मध्यावर उभे राहा आणि मुसळाचा एक घाव घाला. घाव घातलात, की तुमची ढेप सगळीच्या सगळी यांच्या पदरात टाकते."

"मी काय कांडपीण आहे?" कोठावळा म्हणाला.

"हळकुंड राहू द्या. नुसतं मुसळ आपटा."

"सारवण ताजं आहे. उखडेल."

"मग मुसळही राहू द्या. नुसते उभे राहा. तिच्या शेजारी जाऊन उभे राहा."

कोठावळा जागचा हलला नाही. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. विणकराला आता आठवलं, की मघाशी घर दाखवतानाही हा माणूस भिंतीच्या कडेकडेनेच फिरत होता. आपल्याला मध्ये बसवत होता आणि स्वतः कडेला उभा राहत होता.

ओसरीवरचा म्हातारा आत डोकावला. त्याला काही माहीत नव्हतं.

"अरे, उभा राहा की," तो म्हणाला. "तुझंच घर ना?"

कोठावळ्याच्या कपाळावर घाम आला. त्याने एक पाय उचलला, पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला.

पोरीने त्या पायाकडे पाहिलं. मग तिने आपल्या पायांकडे पाहिलं. एका हाताने पोट धरून ती हळूच भिंतीपाशी सरकली, आणि दुसरा हात भिंतीला लावून एकेक पाऊल टाकत कडेकडेने दारापर्यंत आली. बाहेर आल्यावर तिने गोधडीवालीचं मनगट घट्ट धरलं.

मग गोधडीवाली बोलली. विणकर, पोरगी, म्हातारा, सगळ्यांसमोर बोलली, आणि तिचा आवाज एकदाही चढला नाही.

"भावजी, दुष्काळात मी इथे झाडत होते तेव्हा मात्र तुम्ही मध्यावर उभे होतात. तेव्हा खाली भरलेलं होतं, म्हणून भीती नव्हती. माझा माणूस गेला आणि तुमची ज्वारी कुजली. कोंबडीने तोंड लावलं नाही तिला. मी तुम्हाला मारायला आले नाही. पण ज्या खड्ड्यात माझं घर गेलं, त्याच्यावर या पोरीचा पाळणा मी टांगू देणार नाही. तुम्ही इथून गेलात तर बरं, असं मला रोज वाटतं. आता नाही जाणार तुम्ही. नका जाऊ."

आणि ती मुसळ घेऊन घरी आली.

तिन्हीसांजेला गाय-वासरू आपल्या घरी गेलं. म्हातारा देवळात परतला आणि भेटेल त्याला सगळं सांगत सुटला. रात्र पडायच्या आत वाटेवर पुन्हा काटे आले. सकाळी गोधडीवाली घागर घेऊन नदीवर गेली आणि चढावर थांबली तेव्हा तिने दोन शिव्या दिल्या, एक त्याला आणि एक स्वतःला. चांगलं काम केल्यावर मन शांत होतं असं लोक म्हणतात. तिचं झालं नाही. पुढे कितीतरी दिवस, गोधडीला टाका घालताना मध्येच तिचे दात आवळले जायचे आणि सुई बोटात जायची.

विणकर मात्र गाव सोडून गेला नाही. गोधडीवालीच्या दुसऱ्या अंगाला पडीक जागा होती, दगडगोट्यांची. तिला कुणी विचारतही नव्हतं. तो गावच्या वडीलधाऱ्यांकडे गेला आणि ती जागा मागू लागला.

"तिथे तर भिंतही नाही," ते म्हणाले.

"भिंत मी घालीन," विणकर म्हणाला. "घर बांधता येतं. शेजार बांधता येत नाही, तो तिथे आधीच आहे."

पोरीचं बाळंतपण गोधडीवालीच्याच घरात झालं. मुलगी झाली. पुढे पोरगी हिंडूफिरू लागल्यावर ती नदीवर गोधडीवालीबरोबर जायची आणि चढावर भरलेली घागर तिच्याकडून काढून घ्यायची. गोधडीवाली नको म्हणायची, रागवायची, आणि घागर द्यायची.

कोठावळ्याने ते पेव कधी भरलं नाही. भरलं असतं, तर ते होतं असं कबूल करावं लागलं असतं. दर वर्षी तो घराला नीळ घातलेला चुना द्यायचा, दाराला पानं बांधायचा. लांबून घर चमकायचं. बघायला कुणी आलं नाही. आणि आत तो एकटा माणूस, ओसरीवरून चुलीकडे आणि चुलीकडून अंथरुणाकडे, स्वतःच्या घरात मरेपर्यंत भिंत धरून चालला.

तात्पर्य: आपली पीडा टळावी म्हणून ती गोड करून दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नये.